चिठ्ठी लावलेल्या वस्तू

मी कामावरून परतले, तर माझ्या खोलीत एक अनोळखी तरुण गुडघ्यांवर बसून कपाटाचा खण घासत होता. मी किंचाळणारच होते... पण किंचाळायचं कुठल्या भाषेत, तेच सुचेना.

परदेशात येऊन तीन महिने झाले होते. माझं काम कवळ्या घडवायचं. दिवसभर दातांशी गाठ, पण बोलायला कुणी नाही. भाषा यावी म्हणून मी खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवली होती. दारावर, खुर्चीवर, खणावर इथल्या भाषेतलं त्या त्या वस्तूचं नाव, पण आपल्या देवनागरीत.

तो घरमालकीणबाईंचा सुतार निघाला. बाईंनी त्याला खिडकी बघायला पाठवलं होतं. त्याच्या कारखान्यात जे मोडलंय त्यावर चिठ्ठी लावतात, आणि काम झालं की ती काढून खिशात ठेवतात. पठ्ठ्याने माझ्या चिठ्ठ्या तक्रारी समजून सगळी खोलीच दुरुस्त केली होती. दार कुरकुरत नव्हतं, खुर्ची डुगडुगत नव्हती. मी आ वासून बघत राहिले.

हातवारे करकरून मी त्याला खरा प्रकार सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला. पण चिठ्ठ्या मागितल्या तर देईना. मी नव्या लिहिल्या.

मग तो दर शनिवारी यायला लागला.

"आज काय मोडलं?" तो मला कळेल अशा बेताने, सावकाश विचारायचा.

"काही नाही."

"मग... चहा?"

"चहा मोडला नाही."

"पिऊन बघायला हवा."

एकदा मी त्याच्याच बाहीवर कोरी चिठ्ठी चिकटवली.

"मी कुठे बिघडलोय?" त्याने विचारलं.

उत्तर होतं माझ्याकडे, पण त्याच्या भाषेत नव्हतं.

आणि शनिवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे सहा दिवस कामावर कुणी विनोद केला की मी सगळ्यांच्या मागून, उगाचच हसायचे. आई फोनवर म्हणाली, "अगं, घरात तुझी टकळी थांबायची नाही. तोंडाला कुलूप लावून किती दिवस काढणार? ये परत." मी राजीनामा लिहिला. सोमवारी द्यायचा होता.

शनिवारी तो आला, तेव्हा मी बॅग भरत होते.

"मी... घरी. कायमची," एवढंच जमलं मला.

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि बॅगेवर डकवली. वर पेन्सिलीने देवनागरी अक्षरं होती, वाकडीतिकडी, पहिलीतल्या मुलासारखी. मी हळूहळू वाचलं. शब्द त्याच्या भाषेतले होते – 'जाऊ नकोस.'

"हे... कुणी शिकवलं?"

त्याने जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येकीच्या मागे त्या त्या वस्तूचं छोटंसं चित्र होतं. दार. खुर्ची. खण.

"शब्द माझेच होते," तो म्हणाला. "अक्षरं तुझी. रोज एकेक जुळवत गेलो."

मी इतके महिने या देशाची भाषा शिकत होते, आणि हा माणूस मुकाट्याने, खुर्ची आणि दारावरून, माझी अक्षरं शिकत होता. माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं.

माझा नकार समजून त्याने बॅगेवरची चिठ्ठी काढायला हात पुढे केला. मी तो धरला.

"काम झाल्यावर," मी त्याच्या भाषेत म्हटलं. एकही चूक न करता.

मग मी आईला फोन लावला.

"आई, कुलूप निघालं."

"निघालं? कुणी काढलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो बॅगेतून माझे कपडे काढून, एकेक घडी जपून, त्या खणात ठेवत होता.

"एक सुतार आहे गं..." मी म्हटलं.