वाजणाऱ्या किल्ल्या

भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानावर बिऱ्हाड केलेल्या माणसानं शांततेची अपेक्षा करू नये. जागेश्वर कापगते ती करायचा आणि रोज सकाळी खालच्या ठोकाठोकीवर चिडायचा. विमा कंपनीची नोकरी सोडून त्यानं खाजगी तपासाची पाटी लावली होती. डिसेंबर एकाहत्तरच्या त्या आठवड्यात चिडायला आणखी कारणं होती. लढाई पेटली होती, खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, आणि त्याचा मित्र आनंदराव गजभिये दर बातमीपत्राला रेडिओ मोठा करत होता. आनंदरावांचा फोटो स्टुडिओ होता. त्या आठवड्यात फोटो काढायला कुणी येत नव्हतं.

दारात एक बाई उभी राहिली. लुगडं धुळीनं भरलेलं, पायात चप्पल नाही.

"मी निर्मलाबाई मेश्राम. चिखलटोल्याहून आली," ती म्हणाली. "माह्या घरधन्याले दलाच्या कोठीत कोंडून ठेवलं, साहेब. सांजच्याले पोलीस येतीन. लोक त्याले देशाचा चोर म्हणून राहिले."

"चोरी कशाची?"

"गोळ्यांची. राखीव पेटीतल्या."

आनंदरावांनी रेडिओ बंद केला. गेल्या आठवड्याभरात पहिल्यांदाच.

बाईनं सांगितलं ते असं. चिखलटोल्यात गावकऱ्यांची राखीव तुकडी होती. धान कापणारे, विड्या वळणारे, एक शिंपी. रविवारी कवायत, बाकीचे दिवस पोटापाण्याचे. काल हुकूम आला की तुकडीनं आज संध्याकाळपासून नदीवरचा रेल्वेपूल राखायचा. सर्वांसमोर राखीव काडतुसांची पेटी उघडली. वरचा थर खरा होता. त्याखाली निघाल्या नुसत्या रिकाम्या पुंगळ्या, आत ओली माती दाबून भरलेल्या, पेटी उचलताना वजन कळू नये म्हणून. पेटीची किल्ली एकच, आणि ती कोठी सांभाळणाऱ्या धनीरामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कमरेला.

"तुमचा नवरा खरं बोलतो?" कापगतेनं विचारलं.

"खोटं बोलाले लागला का त्याचे कान लाल होते. काल नाई झाले."

"चला, आनंदराव. तुमची राजदूत काढा."

तिघं एका मोटारसायकलवर कसे बसले ते विचारू नये. वाटेत फाटकाशी अडकले. रणगाडे लादलेली मालगाडी संपता संपेना, आणि निर्मलाबाई प्रत्येक डब्याकडे रागानं बघत होती.

तुकडीचे प्रमुख केशवराव मोठे शेतकरी होते. घराच्या भिंतीवर रानडुकराचं मुंडकं, खाली दुनळी बंदूक.

"आमची तुकडी म्हणजे एक चिमुकलं राष्ट्रच समजा," ते म्हणाले. "शत्रू मोठा, तिजोरी रिकामी. दोन माणसांत एक बुटांचा जोड. पहाऱ्यावर जाणारा घालतो, येणारा काढतो. बंदुका पहिल्या महायुद्धातल्या. गोळ्या म्हणाल तर जिल्ह्याहून वर्षातून एका चांदमारीपुरत्या, म्हणजे नेमबाजीच्या एका सरावापुरत्या, येतात. तरी यंदा जिल्ह्याच्या नेमबाजीत आम्ही पहिले! पदक कोणी आणलं माहीत आहे? याच चोरानं, धनीरामनं. मी स्वतः त्याच्या छातीवर लावलं. लाज वाटते आता."

"बंदुका कुठे असतात?"

"कोठीत, साखळीनं बांधलेल्या. पण बोल्ट काढलेले. बोल्टची पेटी माझ्या घरी. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे दांडकं. तसा नियमच आहे. रविवारी मी असतो जंगलात, शिकारीला. सकाळी पेटी कवायत घेणाऱ्या उस्तादकडे धाडतो, सांजेला ती परत येते."

"मग धनीरामनं गोळ्यांचं केलं काय, असं तुम्हाला वाटतं?"

"दारू काढून विकली. त्याचा साळा डुकरांसाठी हातगोळे करतो. टोक उपटायचं, दारू ओतून घ्यायची, पुंगळीत माती भरायची. सरळ आहे."

आनंदरावांनी मान डोलावली. त्यांना सरळ गोष्टी फार आवडत.

पेटी कोठीच्या ओसरीवर होती. कापगतेनं वरच्या थरातलं एक काडतूस उचललं, खालची एक पुंगळी उचलली आणि दोन्ही आनंदरावांच्या तळहातावर ठेवली.

"बुडं बघा."

"काडतुसाचं बूड गुळगुळीत. पुंगळीच्या बुडाला मधोमध खळगी. टोचा मारल्यासारखी."

"सगळ्यांना आहे. आणि धातू कोणता?"

"पितळ. चांगलं जाड." आनंदराव हसले. "तुमच्या खालचा कासार यासाठी पेटीवर उडी मारेल."

कापगते हसला नाही. पुंगळी खिशात टाकून तो आत गेला.

धनीराम मेश्राम बंदुकांच्या साखळीशेजारी पोत्यावर बसला होता. उंच, वाळका माणूस. सदऱ्याला पदक तसंच होतं. काढायचं त्याला सुचलं नव्हतं. बायकोला पाहताच तो उठला आणि पुन्हा बसला.

"किल्ली कधी कोणाला दिली?"

"कोणाले नाई. रात्री निजतो तरी कमरेले राहते."

"कवायतीत पण?"

धनीराम थबकला. "कवायतीत खिशात काई वाजलं तर उस्ताद लय चिडते. म्हणते, शत्रूले घंटी वाजवून बोलवतं का? मंग मी जुडगा त्यायच्या टेबलावर ठेवतो. पण ते कवायतीपुरतं. तलावाले दौड मारतो तेवढं सोडलं तर सारे समोरच राहतो."

"चांदमारीच्या गोळ्या तू देतोस?"

"नाई, साहेब. त्या उस्ताद भंडाऱ्याहून आणते, पिशवीत घालून, एस्टीनं. पुंगळ्या परत नेते. माह्याकडे निस्ती राखीव पेटी. दसऱ्यापासून दर ऐतवारी चांदमारी झाली. तलावाच्या पाळीआड. एक पुंगळी हरपली तरी घरी जाऊ देत नाई उस्ताद. गवतात रांगत शोधाले लावते. एकदा कंदील आणून शोधली."

"एवढं कशासाठी?"

"पुंगळी दिली नाई तर नवी गोळी भेटत नाई ना. फौजेतली सवय त्यायची."

निर्मलाबाईनं पदरातून भाकर काढली. त्यानं ती हातात धरली, खाल्ली नाही. "सांजच्याले मले हातकडी घालून बाजारातून नेतीन का?" त्यानं विचारलं. 

उस्ताद म्हणजे तेजराम चुटे, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. मैदानावर तो तुकडीला थकवत होता. माणसं धडपणे वळत नव्हती. सगळ्यांचं लक्ष कोठीच्या दाराकडे होतं. त्यानं त्यांना आराम दिला आणि बाजूला आला.

"माणूस इमानदार आहे," तेजराम म्हणाला. "पण पेटीले पाय फुटत नाहीत. मी काय सांगू?"

"गोळ्या कमी मिळतात म्हणे."

"मिळतात त्यात भागवतो. बासष्टला बर्फात होतो मी. माह्या बाजूले एक जवान होता. भरती झाल्यावर त्यानं उभ्या जन्मात पाच गोळ्या झाडल्या होत्या. शत्रू आला तर त्याले बोल्ट ओढता येईना. इतका भेला होता. मागं पेट्याच्या पेट्या भरून पडल्या होत्या, राखीव." तो थांबला. "तवापासून मले तो शब्द आवडत नाही."

"पेटी उघडली तेव्हा तुम्ही हजर होता?"

"होतो."

"काय वाटलं?"

तेजरामनं शिटी वाजवली. "पाच वाजले. माणसांना पाणी द्यायचं आहे," तो म्हणाला आणि निघाला.

आनंदराव पुटपुटले, "माझं मत केशवरावांवर. शिकारी माणूस, बोल्ट त्याच्या घरात! डुकरं काय दगडानं मारतो?"

"दुनळी बंदुकीत ही काडतुसं बसत नाहीत, आनंदराव. चला, पोलिसांच्या आधी बोलायला हवं."

सगळी मंडळी ओसरीवर जमली. रस्त्यावर कुत्री भुंकू लागली की केशवराव दचकून तिकडे बघत. पोलिसांची जीप कधीही येणार होती. मैदानातली तुकडी हळूहळू सरकत ऐकण्याच्या अंतरावर आली. कोणी तिला हटकलं नाही.

"केशवराव," कापगते म्हणाला, "दारू काढून विकल्याची गोष्ट विसरा. दारू ओतून घेतलेल्या काडतुसाचं बूड गुळगुळीतच राहतं. या पुंगळ्यांना खळगी आहे. ती पडते बोल्टमधल्या टोच्यानं. हरएक गोळी बंदुकीतून झाडलेली आहे."

"मग झाडली असेल यानंच, जंगलात."

"कशानं? बोल्ट तुमच्या घरी. बंदुका त्याच्या कोठीत. दोन्ही एकत्र येतात ते फक्त रविवारी, कवायतीला, साऱ्या गावासमोर. म्हणजे चोरी लपूनछपून झालीच नाही. चोरीचा आवाज सगळ्यांनी ऐकला."

मैदानात कोणीतरी खाकरलं.

"आता दुसरं. चोरानं पितळ सोडलं. भंडाऱ्यापासून इतक्या जवळ, जिथं भांडेवाले पितळेसाठी भांडतात. पैशासाठी चोरणारा पुंगळ्या पेटीत परत ठेवेल? शिकारी जंगलात वाकून पुंगळ्या वेचेल? हे काम ज्याच्या हाडात भिनलंय की पुंगळी परत आलीच पाहिजे, त्याचं. चोरी करतानाही त्याला ती सवय सोडता आली नाही."

आनंदरावांनी केशवरावांवरची नजर काढली. त्यांनाही कळलं होतं, जरा उशिरा.

"तुम्ही सांगता, वर्षातून एका चांदमारीपुरत्या गोळ्या येतात. धनीराम सांगतो, दसऱ्यापासून दर रविवारी चांदमारी. दोघंही खरं बोलता. मग उरलेल्या रविवारच्या गोळ्या आल्या कुठून? आणि विड्या वळणारी, धान कापणारी माणसं जिल्ह्यात पहिली आली कशी? किल्ल्यांचा जुडगा रविवारी टेबलावर काढून ठेवायला लावणारा माणूस एकच आहे."

सगळे तेजरामकडे वळले. तो सावधान उभा होता. बहुतेक त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

"यंदा सरकारनं हात सैल सोडला, असं सांगितलं मी यांना," तेजराम म्हणाला. "ही दौडीवर गेली की जुडगा घेऊन पेटी उघडायचो; पिशवीत भंडाऱ्याच्या म्हणून याच पेटीतल्या असत, आणि झाडलेल्या पुंगळ्या माती भरून खाली ठेवायचो. पुढच्या सालच्या कोट्यातून थोड्या थोड्या भरून काढीन म्हटलं. लढाई थांबली नाही माह्यासाठी." त्यानं केशवरावांकडे पाहिलं. "साहेब, दोनच रस्ते होते. पेटी भरलेली ठेवायची आणि माणसं कोरी, नाहीतर माणसं तयार करायची आणि पेटी रिकामी. तिजोरीत दोन्हीचा पैसा नव्हता. मी माणसं निवडली."

"आणि आज पुलावर काय न्यायचं?" केशवराव ओरडले. "तयार माणसं? शत्रूला पदक दाखवायचं?"

 पेटी आता कशानंही भरणार नव्हती, आणि म्हणूनच केशवराव इतके ओरडत होते.

धनीराम पुढे आला. इतका वेळ तो पेटीतल्या पुंगळ्यांकडे बघत होता.

"म्हणजे उस्ताद, या मीच झाडल्या?" त्यानं हळूच विचारलं. "ज्या पेटीची राखण केली, तीच रिकामी करून मी पदक आणलं?"

"तू सगळ्यात जास्त झाडल्या. तुह्या हातात नेम होता."

"त्याचं मले काई नाई. शिकवलं ते चांगलंच केलं." धनीरामनं मैदानाकडे बोट केलं. "पण कालपासून हे सारे मले देशाचा चोर म्हणून राहिले. माही बायको अनवाणी भंडाऱ्याले गेली. तुमी तिथंच उभे होते, उस्ताद. समोर. तवा काहून नाई बोलले?"

 "भेलो," तेजराम म्हणाला. "बासष्टले तो जवान भेला होता ना, तसाच. म्हटलं, उद्या सांगीन. पुलावरून आल्यावर सांगीन."

धनीरामनं पदक काढलं. सेफ्टी पिन अडकली, तशी निर्मलाबाईनं पुढे होऊन ती सोडवली. पदक त्यानं तेजरामच्या हातात ठेवलं. "हे तुमचं आहे. ठेवा."

जीप आली तेव्हा तेजराम स्वतःच तिच्याकडे चालत गेला. आत पाय ठेवता ठेवता तो वळला. "वरच्या थरातल्या वाटून दे, धनीराम. माणशी दोन-दोन येतील. घाई करू नका म्हणावं. श्वास रोखून मगच."

धनीरामनं मान हलवली नाही. पण वाटताना त्यानं प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

अंधार पडायच्या आत तुकडी पुलाकडे निघाली. आळीपाळीचे बूट ज्यांच्या वाट्याला आले ते पुढे, बाकीचे अनवाणी मागे. निर्मलाबाईनं किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या कमरेला स्वतः बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. पहिल्याच पावलाला तो खणखणला. धनीरामचा हात सवयीनं कमरेकडे गेला, जुडगा काढून टेबलावर ठेवायला. टेबल तिथंच होतं. त्यामागे कोणी नव्हतं.

त्यानं हात खाली सोडला आणि चालू लागला. तलावाच्या पाळीपर्यंत किल्ल्या वाजत राहिल्या. ओळीतल्या कोणीही त्याला गप्प केलं नाही.