एकही उपमा न देता

आपलंच पुस्तक दुकानात एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. तरीही कवयित्रीची छाती चोरासारखी धडधडत होती. तिचा पहिला कवितासंग्रह सगळ्यात खालच्या फळीवर, वजन घटवण्याच्या पुस्तकांमागे गुदमरला होता. तिनं त्याच्या तीन प्रती उचलल्या आणि दारासमोरच्या टेबलावर ऐटीत मांडल्या.

"कवितांचं काही सुचवाल का?"

ती दचकून वळली. पाठीमागे एक उंच तरुण उभा होता. तो तिला दुकानातलीच कुणी समजला होता.

"कसल्या कविता हव्यात?"

"छोट्या छोट्या. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं वाट बघत बसतात, त्यांना चाळायला. मधेच मिटलं तरी हळहळ वाटू नये, असं काहीतरी."

"मग हे घ्या," ती थंडपणे म्हणाली. "आजवर कुणालाच हळहळ वाटलेली नाही."

त्यानं पुस्तक उलटं करून मागचा फोटो पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे...

"ही बाई डोळे फार बारीक करून बघतेय."

"फोटोग्राफरनं तसं सांगितलं होतं — म्हणजे, सांगितलं असेल!"

"छे! तिला लांबचं नीट दिसत नाही." तो हसू दाबत होता. "तुम्हाला दिसतं का?"

आता नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यानं पुस्तक घेतलं, पण कवयित्रीनं डोळे तपासायला यायचं या बोलीवर.

ती गेली. डोळ्यांना नंबर निघाला. चष्मा देताना त्यानं काड्या तिच्या कानांमागे हलकेच दाबून बघितल्या, आणि तेवढा वेळ त्यानं श्वास रोखून धरला होता हे तिच्या लक्षात आलं. कवींचं हे एक वाईटच असतं. नको तिथे लक्ष जातं.

त्यानंतर तिच्या चष्म्याचा स्क्रू वारंवार ढिला होऊ लागला.

"इतका कसा ढिला होतो हो हा?" तो विचारी.

"मला काय ठाऊक? चष्मा तुमच्या दुकानातला."

"काल एका आजोबांना तुमच्या तिसऱ्या कवितेवर डुलकी लागली."

"घोरले?"

"नाही."

"मग आवडली असणार."

दोघं हसत. अजून दोघांमध्ये 'तुम्ही'च होतं, आणि ते सोडायची घाई कुणालाच नव्हती.

कवितेचा संसार मात्र तिची ताई बघायची. ताई एका कंपनीत जाहिरातींचं काम करायची आणि बहिणीची कवितासुद्धा साबणाइतकीच खपू शकते, यावर तिचा गाढ विश्वास होता. दुसरा संग्रह आठवड्यावर आला होता. "रोज इंटरनेटवर काहीतरी टाकायला हवं गं," ती म्हणायची. "लोक दोन दिवसांत विसरतात. नवीन काही आहे की नाही?"

नवीन होतं. कानामागे थांबलेल्या बोटांवर, रोखलेल्या श्वासावर आणि काचा पुसणाऱ्या एका माणसावर एक कविता होती. ती कुणालाच दाखवायची नव्हती. पण कविता चांगली जमली होती... आणि जमलेली कविता पोटात ठेवणं तिला कधीच जमलं नव्हतं. खिडकीशी बसून तिनं ती फोनसमोर वाचली आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

सकाळपर्यंत ती हजारोंनी ऐकली होती. ताई आनंदानं नाचायचीच बाकी होती.

कवयित्री दुपारी दुकानात गेली, तेव्हा तो काउंटरमागे नुसता उभा होता.

"या, बसा," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

"तुम्ही... ऐकलीत?"

"शेजारच्या औषधवाल्यानं ऐकवली. त्याला त्याच्या मेहुणीनं पाठवली होती. सगळ्यांचं झाल्यावर माझ्यापर्यंत आली." त्यानं कापड घडी करून ठेवलं. "एक विचारू? ते खरं आहे, की छान जमलं म्हणून लिहिलंत?"

तिला पटकन 'खरं' म्हणता आलं असतं. पण ती खोटं बोलणारी नव्हती.

"दोन्ही."

"मग त्यातलं कुठलं किती, हे मला कसं कळायचं?"

तिनं चष्मा नाकावर सारखा केला. मग ती उठून दुकानाबाहेर पडली.

प्रकाशनाला हॉल भरला. शेवटी मागून फर्माईश आली, "ती चष्मेवाली होऊन जाऊ द्या!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून ताई मान हलवून हलवून खुणावत होती. कवयित्रीनं माईक जवळ घेतला. "ती मी वाचणार नाही," ती म्हणाली. "ती आधी एका माणसाला ऐकवायला हवी होती." हॉलमध्ये कुजबुज झाली. ताईनं कपाळाला हात लावला. तो माणूस हॉलमध्ये नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात शिरली. खुर्चीत एक आजी तपासणीची जड गोल फ्रेम लावून अक्षरांचा तक्ता वाचत होत्या.

"थोडं थांबावं लागेल," तो म्हणाला.

"थांबले तर शब्द सुचतील. म्हणून आत्ताच सांगते." ती घाईघाईनं म्हणाली. "मला तू आवडतोस. तू नसलास की दिवस नीट जात नाही. बस, एवढंच. यात एकही उपमा नाही."

'तू' कधी तोंडातून निसटलं, ते तिलाही कळलं नाही. त्याच्या हातातली काच तशीच राहिली.

"आणि हे... कुठे टाकणार?"

"कुठेच नाही. हे तुझ्याशिवाय कुणीही ऐकायचं नाही."

"अगं बाई, पण मी ऐकलं ना!" आजी म्हणाल्या.

तो तक्त्याकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आजी, खालची ओळ वाचा."

"ओळ कुठे पळून जात नाही. आधी तिला उत्तर दे."

त्यानं हातातली काच कापडावर ठेवली. मग तिच्याकडे वळून, अगदी हळू म्हणाला, "संध्याकाळी लवकर बंद करतो. नदीपर्यंत चालत जाऊ. येशील?"

ती गेली. त्या संध्याकाळी ते काय बोलले, ते ताईनं अनेकदा खोदून खोदून विचारलं. पुढे दोघांचं लग्न झालं, तरी ताईचं विचारणं थांबलं नाही. कवयित्रीचे आणखी चार संग्रह निघाले. त्या संध्याकाळवर तिनं त्यांत एक ओळही लिहिलेली नाही.