लोखंडाची भूक

१९५४च्या फेब्रुवारीतला तो गुरुवार. आर्वी गावच्या आमच्या घरी मागच्या खोलीत बाबा काचेच्या सहा नळ्या मांडून बसले होते. दवाखान्यात घशाचे नमुने तपासणं ही त्यांची नोकरी. घटसर्पाचे जंतू घरी वाढवणं हा हट्ट. पाच नळ्यांत त्यांनी लोहाचे थेंब सोडले. सहावीत काहीच नाही.

"तिले काऊन नाई?" मी विचारलं.

"लोहानं पोट भरलं का जंतू मास्तरणीसारखा सुस्त होते. उपाशी ठेव, मंग इख काढते, जहर. पण ज्याच्या बीजातच इख आहे, तोच."

मी शाळेत शिकवत होते. आम्ही दोघंही हसलो.

शनिवारी त्यांचा घसा धरला. सोमवारी आत राखाडी पडदा दिसला. डॉक्टरांनी नागपूरहून मागवलेलं प्रतिविष टोचलं. शेजारच्या देवकाबाईंनी खाटेखाली विळा ठेवला. आजाऱ्याजवळ लोखंड असावं, ही आमच्याकडची रीत. त्या संध्याकाळी बाबा वाटीभर ताक प्याले.

मंगळवारी सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, मी विळा उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

"लई पुस्तकं वाचली तू," देवकाबाई म्हणाल्या. "आता बापापेक्षा लोकाईची लाज मोठी झाली."

डॉक्टर बॅटरी घेऊन घशात बराच वेळ पाहत राहिले. "पडदा कालच्याहून लहान आहे," ते म्हणाले. "पण नाडी..."

दुपारी बाबांच्या खोलीत कॅलेंडरचा खिळा गळून पडला. उचलला, तर गवताच्या काडीइतका हलका. ट्रंकेची कडी हातात तुटून आली. खिडकीचे गज बोटाएवढे जाड होते. आता पेन्सिलीएवढे होते. गंजाचा कण कुठे नव्हता.

स्वयंपाकघरात गेले. विळ्याची मूठ होती. पातं नव्हतं.

बुधवारी बाबा गेले.

चौदाव्या दिवशी पाहुणे परतले. बाबांच्या खोलीत आता लोखंडाचं काहीच उरलेलं नाही. आज सकाळी वेणी घालताना आरशात माझे ओठ पांढरे दिसले, रक्तातलं लोह आटल्यासारखे. नखंही.

भर दुपारी मी तिथे जाऊन बसले.

रिकाम्या खाटेवर कुणीतरी कष्टानं आवंढा गिळला.

"बाबा," मी म्हणाले, "विळा उचलला, त्याच क्षणी तुमचा श्वास अडकला होता. मी ऐकलं होतं. डॉक्टर हसतील म्हणून परत ठेवला नाही."