ओदीलची पानं उलटताना

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात धुकं उतरलं की डोंगरमाथ्यावरचं अख्खं गाव दुधात बुडाल्यासारखं दिसतं. अशाच एका शनिवारी निहारिका हॉस्पिटलमधली शिफ्ट संपवून बाहेर आली, तर तिची गाडी काही केल्या सुरू होईना. बसची आशा नव्हतीच. गाडी दुरुस्त करणाऱ्यांची व्हॅन यायला वेळ होता, आणि रस्त्यापलीकडच्या चर्चच्या हॉलमधून पियानो ऐकू येत होता... उड्या मारत धावणारी एक अवखळ चाल, दर वेळी नेमकी एकाच जागी ठेचकाळणारी.

थंडी वाजत होती, म्हणून ती आत शिरली. पियानोवरचा माणूस पाठमोरा होता. चाल पुन्हा अडखळली आणि तो पुटपुटला, "च्यायला... बाईंनी मुद्दाम केलंय हे."

निहारिकाला हसू आवरलं नाही. तो दचकून वळला. "सॉरी. तुम्हाला मराठी कळतं?"

"शिव्या तरी नक्की कळतात," ती म्हणाली. "पण या बाई कोण?"

"ओदील मारशाँ." त्याने समोरच्या पानांकडे असं पाहिलं, जसं आपण घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतो. "फ्रेंच होत्या. ऑपेरेटा लिहायच्या, म्हणजे आपल्या संगीत नाटकाची खट्याळ चुलतबहीणच समजा. आम्ही हौशी मंडळी त्यांचा एक बसवतोय. गाणारे ठीक आहेत, पण पानं उलटायला कोणी नाही, आणि मला दोनच हात आहेत."

"मला हे वाचता येत नाही. मी भूल देते लोकांना. म्हणजे शिकतेय अजून."

"चालेल की. मी मान हलवली की पान उलटायचं. आणि प्रेक्षक झोपले, तर तुमच्यावर ढकलता येईल."

त्याचं नाव हृषिकेश. इथल्या युनिव्हर्सिटीत तो शेतीच्या पाण्यावर संशोधन करायचा. पियानो लहानपणी पुण्यात शिकला होता, तो इथे येऊन पुन्हा हाताशी आला. निहारिकाची गाडी त्याच दिवशी दुरुस्त झाली, तरी पुढच्या शनिवारी ती हॉलवर हजर होती. "तुम्ही" कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

त्याच्या डाव्या बाजूला बसायचं, श्वास रोखून त्याच्या मानेकडे बघायचं. तो किंचित मान हलवायचा, ती उभी राहून त्याच्यापुढून हात नेत पान उलटायची.

"उशीर केलास," तो म्हणायचा.

"तू मान हलवलीस की डास हाकलला, ते कळायला नको का?"

तालीम संपली की गरम चिप्स घेऊन दोघं डोंगरकड्यावरच्या पिकनिक पॉइंटला गाडीत बसायची, आणि हृषिकेश ओदीलबद्दल सांगायचा. तालमी घेणाऱ्या मॉरीन या निवृत्त संगीतशिक्षिकेने तरुणपणी फ्रान्समध्ये ओदीलचं संगीत ऐकलं होतं. त्याला सगळं मॉरीनकडूनच कळलं होतं. मुलींनी चाली रचायच्या नसतात, असं ओदीलला वडिलांनी बजावलं होतं. मग तिने पहिला ऑपेरेटा भावाच्या नावाने लिहिला. तो तुफान गाजला. संगीतकाराला बघायचंय म्हणून लोक ओरडू लागले, तेव्हा रंगमंचापुढच्या, वादकांच्या खोलगट जागेतून, पियानोमागून, एक ठेंगणी मुलगी वर चढून आली. सगळं थिएटर टाळ्या वाजवत उभं राहिलं.

 खाली दरीत धुकं सरकत होतं.

"आणि प्रेम?" निहारिकाने हळूच विचारलं.

"होतं ना. तिच्या चालींना शब्द द्यायचा, त्याच्यावर. तालमीत सगळ्यांसमोर तिनेच त्याला लग्नाचं विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाला. ती परत पियानोवर बसली आणि तालीम पुरी केली. त्याच आठवड्यात तिने आयुष्यातलं सगळ्यात मजेशीर गाणं रचलं. मला अडखळायला लावतं, ते हेच."

निहारिका चिप्सच्या रिकाम्या कागदाची घडी घालत राहिली. ऑपरेशन टेबलवर कुणाचा श्वास थांबला तरी तिचा हात कधी कापला नव्हता. पण शेजारी बसलेल्या या माणसाला एक साधं वाक्य सांगायचं, तर ते तिच्या ओठांवरच अडायचं. आणि ती बाई... नकार ऐकून पुन्हा सुरात कशी आली असेल?

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात हृषिकेशला देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या पर्थहून नोकरीचं बोलावणं आलं. त्याने ते सहज सांगितलं, जरा जास्तच सहज. निहारिका म्हणाली, "अरे वा, मस्तच." आणि घरी जाऊन भात करपवून बसली.

प्रयोग दुपारचा होता. पहिला अंक रंगला. मध्यंतरात विंगेत दोघंच उरली, तो बोटं चोळत, ती पदराशी चाळा करत. आज तिने साडी नेसली होती आणि तो त्याबद्दल अवाक्षरही बोलला नव्हता.

"हृषी, मला तू आवडतोस," ती म्हणाली. "पर्थला जाऊ नको असं नाही म्हणणार मी. पण हे न ऐकता जाऊ नकोस."

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात घंटा झाली आणि मॉरीनने दोघांना आत पिटाळलं.

दुसरा अंक सुरू झाला. हृषिकेशने मान हलवली नाही. पान संपत आलं तरी नाही. निहारिकाने त्याच्याकडे बघायचं सोडलं आणि कान दिला. सूर वळणावर आला, तिने पान उलटलं. पुढचंही उलटलं. मग ते गाणं आलं. सगळं सभागृह हसत होतं, आणि त्या हसण्याखाली केवढं काय दडपलेलं होतं, ते आज तिला ऐकू आलं. तिचे डोळे भरून आले. हृषिकेश एकदाही अडखळला नाही.

टाळ्या थांबल्या, माणसं चहाकडे वळली. तो तसाच बसून होता.

"मला पर्थला जायचंय," तो म्हणाला. "पाण्याचं हे काम मला फार दिवसांपासून करायचं होतं."

"माहितीये." तिचा आवाज स्थिर होता. तिचं तिलाच नवल वाटलं.

"पण... तुझं इथलं शिक्षण संपेपर्यंत सुट्टी मिळाली की मी इथे येणार. आणि संपलं की... तिथेही हॉस्पिटलं आहेत, निहा. येशील?"

"हे विचारतोयस की ठरवून टाकलंयस?"

"विचारतोय. आणि घाबरलोय. मघाशी बोलणार होतो, तर शब्दच सुचेनात. साडीबद्दलही बोलता आलं नाही."

तिने खाली पाहिलं. मघापर्यंत एवढ्या डौलात वाजवणारी त्याची बोटं आता थरथरत होती. तिने ती आपल्या हातांत घेतली आणि शांत होईपर्यंत सोडली नाहीत.

"येईन," ती म्हणाली.