टायरवर ठेवलेलं इंजिन

ही घटना खरी आहे.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. सणसवाडीच्या एका कारखान्यात बेरिंगची थरथर मोजायचं काम करते. खालचा एकही आकडा मी वाढवलेला नाही. मलाच न पटलेले दोन-तीन तर गाळले आहेत.

तारीख ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. जागा शिरूरहून न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गॅरेज.

वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते. पत्र्यावर लख्ख ऊन होतं.

माझं नाव सुफिया. गॅरेज माझ्या अब्बांचं, नबीलाल मिस्त्रींचं. ते मागच्या वर्षी गेले.

अब्बा इंजिन कानानं तपासायचे. त्यांच्याकडं एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर होता, हातभर लांब, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालत्या इंजिनला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग घशातल्या घशात म्हणायचे, "हं… हं…" पेशंटचं ऐकून घेणाऱ्या डॉक्टरसारखं. आणि सांगायचे, "तिसरा पिस्टन."

इंजिन उघडलं की तिसराच निघायचा.

हे त्यांनी माझ्या भावाला शिकवलं. नौशादभाईला. मी चौदा वर्षांची असताना म्हटलं होतं, अब्बा, मला पण ऐकू द्या. ते म्हणाले, "तू किताब वाच बेटा. हे काळं काम तुझ्यासाठी न्हाई."

त्यांनी मला घाणीपासून वाचवलं, असं सगळे म्हणतात.

मी त्यांना त्यासाठी कधी माफ केलं नाही.

अब्बा गेल्यावर गॅरेज भाईचं झालं. अब्बांची जुनी कॉन्टेसा भाईची झाली. पेचकसही भाईचा झाला. माझ्या वाट्याला शिक्षण आलं होतं ना!

भाईनं ठरवलं, कॉन्टेसाचं मूळ चार सिलिंडरचं इंजिन काढायचं आणि सहा सिलिंडरचं, ट्विन टर्बोचं जपानी इंजिन बसवायचं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा. असे दोन.

शेजारचे वेल्डर मल्हारीमामा हसले. "आरं, ईमान करतो का गाडीचं? बायपासला स्पीडब्रेकर किती हायेत ते तरी मोज!"

"मामा, तुम्ही नुसते इंजिन बसवायचे माउंट वेल्डिंग करून द्या. उडवायचं मी बघतो."

आठ महिने लागले. बसवलं भाईनं, हे खरं. पण कुठल्या वेगाला किती पेट्रोल जाणार, किती हवा, ठिणगी कधी, तो सगळा तक्ता माझा होता. कारखान्यातून आल्यावर रोज दोन तास मी लॅपटॉपवर तेच करायचे.

भाईनं व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, 'एकट्यानं बनवली.' चाळीस हजार लोकांनी पाहिला.

त्यात माझा हात दिसतो. मनगटापर्यंत.

जुनं इंजिन भाईनं कोपऱ्यात एका टायरवर ठेवलं. ऑइल माझ्यासमोर काढलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत मल्हारीमामा खाली डबा धरून बसले होते, त्यांना ते गेटच्या बिजागऱ्यांना हवं होतं. इंजिन रिकामं होतं. हे मी लक्षात ठेवलं, कारण पुढं त्याचाच प्रश्न येणार होता.

२९ डिसेंबरला नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. काय आवाज होता! मल्हारीमामासुद्धा उठून जवळ आले. भाईनं अब्बांचा पेचकस लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लोण्यासारखं चाललंय."

"बघू, मला दे."

"आगं सुफे, तुमच्या कंपनीत बेरिंग मोजत्यात. ह्यो कानाचा खेळ हाय."

सगळे हसले. मीही हसले.

मग तो चहा सांगायला बाहेर गेला. इंजिन चालूच होतं. पेचकस बोनेटवर होता.

मी तो उचलला. पण नव्या इंजिनाला लावला नाही. का ते सांगता येणार नाही. मी कोपऱ्यात गेले आणि टोक त्या टायरवरच्या इंजिनाला लावलं.

ते… चालू होतं.

त्याला पेट्रोल नव्हतं. बॅटरी नव्हती. ऑइल नव्हतं. तरी हाडातून आत आवाज येत होता. सावकाश, एकसारखा. लहानपणी अब्बा मला शाळेत सोडायचे, तेव्हा यायचा तसाच.

मी घाबरले नाही. आधी कारण शोधलं. नव्या इंजिनाची थरथर जमिनीतून येत असणार. माझ्या मोबाइलमध्ये थरथर मोजायचं ॲप आहे. फोन जुन्या इंजिनावर ठेवला.

हिशोब सोपा आहे. मिनिटाला आठशे फेरे असतील तर सहा सिलिंडरचं इंजिन सेकंदाला चाळीस ठोके देतं. चार सिलिंडरचं सव्वीस पूर्णांक सात. जमिनीतून आलं असेल तर चाळीस दिसायला हवेत.

दिसले सव्वीस पूर्णांक सात.

भाई चहा घेऊन आला. मी पेचकस जागेवर ठेवला. त्याला काही सांगितलं नाही.

कारण त्याला हे ऐकू आलं नव्हतं. आणि मला आलं होतं.

त्याच संध्याकाळी नव्या इंजिनाचं ऑइल अर्धा लिटर कमी भरलं. गळती नाही. धूर नाही. भाईनं ऑइल टाकलं आणि तारीख खडूनं पत्र्यावर लिहिली. मग पुन्हा कमी झालं. पुन्हा लिहिली.

एका रविवारी तो आत नसताना मी जुन्या इंजिनाची डिपस्टिक ओढली. ऑइल मोजायची पट्टी.

टोकाला ऑइल होतं. ताजं, मधाच्या रंगाचं.

सांगायला हवं होतं. मला कळत होतं. पण तो बाहेर कुणाला तरी सांगत होता, "अब्बांचा कान माझ्यात आलाय."

मी पट्टी पुसली आणि परत आत घातली.

९ फेब्रुवारीला भाई गाडी घेऊन दौंडला निघाला. तिथं मच्छिंद्र आप्पा राहतात. रेल्वेच्या लोको शेडमधून रिटायर झालेले. पेचकसानं ऐकायला अब्बांना त्यांनीच शिकवलं. अब्बा त्यांच्याशिवाय कुणाला उस्ताद म्हणायचे नाहीत.

"मी पण येते, भाई. तक्ता मीच समजावून सांगते आप्पांना."

"जागा न्हाई गं. पुढच्या सीटवर टूल हायेत."

"टूल मागं ठेव."

"आप्पांसमोर मोबाइल काढून आकडे सांगत बसशील तू. चल, शटर बघ."

त्यानं माझ्यासमोर ऑइल पाहिलं. पूर्ण भरलेलं होतं. दहा पंचवीसला तो निघाला. घाईत पेचकस टेबलावरच राहिला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी तो जुन्या इंजिनाला लावला.

नवं इंजिन तीस किलोमीटर लांब होतं. गॅरेजमध्ये काहीही चालू नव्हतं.

तरी… आवाज आला.

आणि तो एकसारखा नव्हता. चढत होता. मध्येच पडायचा, पुन्हा चढायचा. मला समजायला थोडा वेळ लागला.

गिअर बदलले जात होते.

मी भाईची गाडी ऐकत होते.

अकरा आठला मी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. खुणेच्या वर. माझ्या डोळ्यांसमोर ते वाढत होतं.

इकडं वाढतंय, म्हणजे तिकडं…

फोन माझ्या डाव्या हातात होता. भाईचा नंबर पहिलाच आहे.

मी पुन्हा कान लावला. फक्त खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. आत एक बारीक ठोका सुरू झाला होता. टक… टक… ऑइल न मिळणारं बेरिंग असंच बोलतं. हे ओळखायचाच मला पगार मिळतो.

आणि त्या ठोक्याच्या मागून…

"हं…"

अगदी जवळून. कुणी त्याच मुठीला दुसऱ्या बाजूनं कान लावावा तसं.

"हं… हं…"

मी फोन लावला नाही.

खरं लिहायचं म्हणून लिहिते आहे. अब्बा पहिल्यांदाच माझ्याबरोबर ऐकत होते. भाईबरोबर नाही. माझ्याबरोबर. ते थांबू नये एवढंच मला वाटत होतं.

अकरा आठ ते अकरा एकोणीस. अकरा मिनिटं.

मग आवाज एकदम… बंद.

अकरा एकतीसला फोन वाजला. पलीकडं अनोळखी माणूस होता. "ताई, इनामगावच्या अलीकडनं बोलतोय. कॉन्टेसा हाय का तुमची? उसात गेलीय. माणूस जित्ता हाय, पर लवकर या."

इंजिन चालता चालता जाम झालं होतं. मागची चाकं अडकली, गाडी फिरली आणि उसात शिरली. भाईच्या तीन बरगड्या मोडल्या. डावा कान गेला. तो नेहमी डाव्याच कानानं ऐकायचा.

मल्हारीमामांनी गाडी ओढून आणली. ऑइलचं चेंबर उघडलं. आत थेंबभर ऑइल नव्हतं. चेंबरला ना चीर, ना भोक. रस्त्यावरही डाग नव्हता.

मी धावत जुन्या इंजिनाकडं गेले. पट्टी ओढली.

कोरडी. गंज चढलेली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भाईनं मला जवळ बोलावलं. अम्मी बाहेर दुवा मागत होती.

"सुफे, तुझा फोन आला नसता तर मी एकशेचाळीसला होतो. जागच्या जागी मेलो असतो."

मी विचारलं, "मी… काय म्हणाले?"

"आधी नुसतं 'हं' म्हणालीस. मला वाटलं, खोकतीयस. मग म्हणालीस, 'भाई, गाडी हळू घे.' आन् ठेवलास. मी पाय काढला. पन्नासवर आली आन् जाम झाली."

त्यानं मोबाइल दाखवला. सुफिया. अकरा एकोणीस. सहा सेकंद.

माझ्या मोबाइलमध्ये असा कॉल नाही. मी कंपनीकडून महिन्याचे सगळे कॉल मागवले. त्यातही नाही.

घरी आल्यावर भाईनं पेचकस माझ्या हातात दिला. अम्मीसमोर, मल्हारीमामांसमोर. "अब्बांचा कान हिच्यात हाय. मला उगाच वाटायचं."

चौदाव्या वर्षापासून मला हेच हवं होतं. मी तो घेतला आणि खाली बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, मी लाजले.

अम्मीला एकदा आडून विचारलं. ती म्हणाली, "गेलेलं माणूस परत येत नाही. असलं मनात आणू नकोस." मलाही तेच मानायचं आहे. पण एक गोष्ट आत खुपते, ती कुणालाही सांगितलेली नाही.

मी अकरा मिनिटं त्यांच्यासाठी कान लावून बसले होते. आणि शेवटी तेही माझा आवाज घेऊन त्याच्याकडंच गेले.

आता उरलेला प्रश्न. भाईला वाचवणारे अब्बा असतील, तर ऑइल पिणारं कोण होतं?

पत्र्यावरच्या खडूच्या तारखा मी वहीत उतरवल्या. ९ फेब्रुवारी धरून ऑइल सात वेळा कमी झालं. सहा रविवार. मग वाटलं, रविवारी काहीतरी वेगळं होत असेल. पण १९ जानेवारीच्या रविवारी कमी झालं नाही. आणि संक्रांतीच्या मंगळवारी झालं.

एरवी रविवारी मी गॅरेजमध्येच असते. १९ जानेवारीला मी ओव्हरटाइमला होते.

संक्रांतीला कंपनीला सुट्टी होती. मी दिवसभर गॅरेजमध्ये होते.

ती वही भाईनं पाहिलेली नाही.

त्यानं आता दुसरं इंजिन आणलंय. पुन्हा ट्विन टर्बो. "तू ऐकल्याशिवाय चावी फिरवणार न्हाई," म्हणतो. जुनं इंजिन त्याच टायरवर आहे. मी हजारदा म्हटलं, भंगारात दे. तो म्हणतो, "अब्बांचं हाय."

आज रविवार आहे. सकाळी भाईनं नवा व्हिडिओ टाकला. या वेळी त्यात माझं नाव आहे. त्याच्या नावाच्या खाली. जरा बारीक अक्षरात.

मी तो चार वेळा पाहिला.

आत्ता त्याचा मेसेज आलाय. 'सुफे, इंजिन अजून चालू केलं न्हाई, तरी ऑइल कमी दिसतंय. तू सकाळी येऊन गेलीस का?'

मी आज घराबाहेर पडलेलीच नाही.