केशरबाईंच्या स्लॅबवरची बंद जाळी

केशरबाई वनमालाच्या ऑफिसात आल्या त्या एका खारीवरचा गुन्हा शाबीत करून घ्यायला.

वडवणीच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर हे ऑफिस होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'खाजगी तपास' लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'स्थळांची खात्रीशीर चौकशी'. पोट भरायचं ते बारीक अक्षरांवर. मुलगा पितो का, शेत खरंच बागायती आहे का, पहिलं लग्न कुठे दडवलंय, हे वनमाला चहा गार व्हायच्या आत शोधून काढायची. तालुक्यातली बरीच लग्नं तिने मोडली होती. वाचलेल्या मुली तिला दरवर्षी दिवाळीचा फराळ पाठवत.

तिचा मावसभाऊ परमेश्वर मोटारसायकल चालवायचा आणि संशय घ्यायचा. संशय त्याला चटकन यायचा. बाकी सगळं उशिरा.

केशरबाईंनी बसायच्या आतच सांगायला सुरुवात केली. त्यांची मिरची कुटायची मशीन होती, स्लॅबवरच्या सोलरवर चालणारी. खारींनी पॅनलखालची वायर कुरतडली, म्हणून त्यांनी पॅनलला चारी बाजूंनी जाळी ठोकून घेतली. त्यानंतर वायर आणखी दोनदा तुटली आणि परवा तिसऱ्यांदा. दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीला निघालेल्या बायकांना सहा महिन्यांचं तिखट कुटून न्यायचं असतं. त्या पोती घेऊन दारात बसल्या होत्या आणि मशीन मुकी.

"शेजारच्या विठ्ठलरावाची चिंच हाय. फांदी आमच्या स्लॅबवर. खारी तिथंच ऱ्हातेत," केशरबाई म्हणाल्या. "तंटामुक्तीत ठरलंय, खार चिंचेवरून येती असं शाबीत झालं की चिंच तोडायची. उद्या सकाळी बैठक हाय. कुऱ्हाडवाला सांगून ठेवलाय. फकस्त पुरावा पायजे. मी म्हणले, नवरदेवाची दारू जी पोरगी फोटोवरून वळखती, तिला खार काय जड हाय?"

वनमालाने झाड किती जुनं आहे असं विचारलं. विठ्ठलरावांच्या बायकोने नवी नवरी असताना ते लावलं होतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

"म्हंजी त्येंच्याकडं तिचं ते एकच ऱ्हायलंय," परमेश्वर म्हणाला. केशरबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खाली जाऊन गाडी पुसू लागला.

केशरबाईंच्या घरात ओव्याच्या धुरीचा वास होता. त्यांची लेक मनिषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आतल्या खोलीत बाळ झोपलं होतं आणि दाराशी केशरबाईंच्या सासूबाई, कौशल्याबाई, पहारा देत होत्या.

मशीन बंद पडली याचं त्यांना जराही दुःख नव्हतं. "बाळंतिणीच्या घरात सव्वा महिना धडधड नगं म्हणून सांगितलं. ही आयकती का? आता खारीनं आयकिवलं."

परमेश्वराने वनमालाच्या कानाशी लागून पहिला संशय नोंदवला. म्हातारी. वनमालाने म्हातारीच्या गुडघ्यांकडे बोट केलं आणि मग जिन्याकडे. संशय मिटला.

स्लॅबवर युवराज त्यांची वाट बघत होता. पॅनल त्यानेच बसवले, जाळी त्यानेच ठोकली आणि तुटलेली वायर दर वेळी त्यानेच बदलली. परमेश्वराचा दुसरा संशय तिथल्या तिथे तयार झाला.

वनमाला जाळीभोवती रांगत फिरली. तार घट्ट, क्लिपा जागच्या जागी. बोट जाईना, तिथे उंदीरही गेला नसता.

"वायर बदलताना जाळी उघडतोस?"

"वरली बाजू अख्खी काढतो. हात घालतो, जोड देतो. मधी खाली चहाला जातो."

"तेव्हा जाळी उघडीच?"

"उघडीच. पण चहा काय लई येळ चालत न्हाई."

"खालच्या कोपऱ्यात बघितलंस का?"

युवराजने नकारार्थी मान हलवली. खालच्या टोकाला पॅनल आणि स्लॅब यांच्यात जेमतेम वीतभर फट होती. "फटीत हात घालावा, डोस्कं न्हाई. आमच्या धंद्यात असंच शिकवतेत. सापाला काय, कुणाचंबी डोस्कं चालतंय."

पॅनलवर महिन्याभराची धूळ होती. फक्त चिंचेकडचा खालचा कोपरा धुतल्यासारखा लख्ख होता. त्याच कोपऱ्याशी जाळीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. वनमालाने केसातली पिन काढून ते बाहेर ओढलं. खोबऱ्याचा काप होता, सुपारीसारखा पातळ, कडा सरळ. पुरावा म्हणून तिने तो परमेश्वराच्या तळहातावर ठेवला.

ती वळून पाहते तर परमेश्वर चघळत होता.

"ताजं हाय, ताई," तो म्हणाला. "खवट न्हाई."

वनमाला त्याला रागावली नाही. पुरावा गेला होता, पण जबाब देऊन गेला होता.

विठ्ठलराव चिंचेखाली बाजेवर बसले होते. एके काळी पंचायत समितीचे सभापती होते. विचारल्याशिवाय बोलत नसत आणि बोलू लागले की थांबत नसत. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत केशरबाईंनी त्यांच्या पुतण्याला पाडलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. त्यांच्या हातात अडकित्ता होता. तोंडात दात नव्हते. सून पुण्याहून आली की आपण कवळी लावायची, एरवी वरणात भाकरी कुस्करून खायची, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

झाडाचा विषय काढताच मात्र ते आखडले.

"तोडा की. उद्या कावून, आजच तोडा."

"नाना, तुमी एका सतरंजीसाठी बीडच्या कोर्टात गेलता म्हणतेत," परमेश्वर म्हणाला.

"ती सतरंजी माझी होती."

"आणि झाड?" वनमालाने विचारलं.

विठ्ठलरावांनी अडकित्ता मिटला. चिंच अजून बोटाएवढी हिरवी होती, पाडायला महिने होते. तरी चिंचा पाडायचा लांब बांबू बुंध्याला तयार टेकवला होता. टोकाला आकडीऐवजी वरणाची पळी सुतळीने बांधली होती. आकडी हरवली असेल, असं परमेश्वराला वाटलं.

परत जाताना त्याने सगळा उलगडा करून टाकला. युवराजच वायर तोडतो. काम निघत राहतं, चहा मिळत राहतो. वनमालाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी सटवाच्या किराणा दुकानाशी थांबवायला सांगितली. नवरदेव घरी खोटं बोलतो, गावात खोटं बोलतो, पण किराणा दुकानात कुणी खोटं बोलत नाही, हा तिचा जुना अनुभव होता.

सध्या बाळंतिणीचं सामान कोण नेतंय, एवढंच तिने विचारलं. दोन घरं, सटवा म्हणाला. केशरबाईंचं आणि विठ्ठलरावांचं. खारीक आणि खोबरं.

"नानांच्या घरी कोण बाळंतीण?"

"मला बी नवल वाटलं. पण माजी सभापतीला कसं इचारावं?"

वनमाला हसली. परमेश्वराने तिसरा संशय घेतला, आणि तो इतका भयंकर होता की त्याने तो कुणालाच सांगितला नाही.

सकाळी बैठक स्लॅबवरच भरली. तंटामुक्तीचे अध्यक्ष मुंजाजी खुर्चीत होते. केशरबाई उभ्या होत्या. विठ्ठलराव त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. कौशल्याबाईंना दोघांनी खुर्चीसकट वर आणलं होतं. खाली कुऱ्हाडवाला बिडी ओढत होता.

"खार चिंचेवरून आत कशी येते, हे सिद्ध करायला मला बोलावलं," वनमाला म्हणाली. "मी जाळी बघितली. आत यायला वाटच नाही."

"मंग वायर कोण तोडतंय?" केशरबाईंनी विचारलं.

"खारच. सगळे विचारतात, ती आत येते कशी. मी विचारलं, ती बाहेर जाते कशी? ती जातच नाही. जाळी ठोकली तेव्हा ती आतच होती. खारीला अडवायला जाळी लावली, काकू, आणि ती अडली आहे. आतून."

युवराजने दोन पावलं मागे घेतली.

"मी वरली बाजू काढली तवा पळाली का न्हाई मग?"

"तेच. तू चहा पीत होतास, जाळी सताड उघडी होती. कोंडलेलं जनावर क्षणात पळतं. हे दर वेळी राहिलं. जी दार उघडं असूनही जात नाही, तिच्याजवळ टाकून जाता येत नाही असं काहीतरी असतं."

कौशल्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "बाळंतीण हाय?"

"हो, आजी. पण बाळंतिणीला खायला-प्यायला लागतं, आणि आत ना दाणा ना पाणी. म्हणजे कुणीतरी पुरवतंय. महिन्याभराच्या धुळीत एकच कोपरा धुतलेला आहे, चिंचेकडचा. तिथून पाणी सोडतात. जाळीतून जाईल इतकं पातळ खोबरं कापतात. ताजं. त्याची साक्ष परमेश्वराच्या पोटात आहे. असा काप अडकित्त्याशिवाय निघत नाही."

तिने चिंचेकडे पाहिलं.

"काल मी एका माणसाच्या हातात अडकित्ता बघितला. त्याच्या तोंडात दात नाहीत. मग तो कातरतो कुणासाठी? त्याच्या घरी बाळंतीण नाही, तरी खारीक-खोबरं येतं. झाडावरची चिंच अजून पिकायची आहे, तरी बांबू तयार आहे, आणि त्याला पळी आहे."

सगळ्यांनी विठ्ठलरावांच्या पाठीकडे पाहिलं.

"तुमाला म्हाईत होतं?" केशरबाई म्हणाल्या. निवडणुकीनंतरचं हे पहिलं वाक्य. "मग सांगितलं कावून न्हाई?"

"आपलं बोलणं बंद हाय."

"झाड चाललं होतं की तुमचं."

"सांगितलं असतं तर तुमी जाळी उचकटून पिलं खाली फेकली असती." विठ्ठलराव वळले. "झाड काय, पुन्हा लावता येतंय."

ते झाड कुणी लावलं होतं, हे त्या स्लॅबवर सगळ्यांना माहीत होतं. मुंजाजींनी टोपी काढून पुन्हा घातली.

युवराज पोटावर पालथा पडला. डोकं न घालायचा नियम पाळत त्याने बॅटरी लावलेला मोबाइल फटीत सरकवला आणि फोटो काढला. पोत्याच्या सुतळीचं घरटं, केशरबाईंच्याच मिरचीच्या पोत्याचं. त्यात तीन गुलाबी पिलं, आणि त्यांच्यावर आडवी पडलेली, मोबाइलवर दात काढणारी आई.

मोबाइल हातोहात फिरला. केशरबाईंनी तो सगळ्यांत जास्त वेळ धरला.

"लई हिमतीची हाय," त्या शेवटी म्हणाल्या.

निकाल कौशल्याबाईंनी दिला. बाळंतीण खालची असो की वरची, सव्वा महिना तिला कुणी हलवायचं नाही. युवराजने त्याच दिवशी वायर लोखंडी पाइपात घातली. मशीन सुरू झाली. मनिषाच्या बाळासाठी दुपारी बंद राहायची, आणि आता वरच्यांसाठीही. बायका तिखट घेऊन कारखान्याला गेल्या. कुऱ्हाडवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. संध्याकाळी पळीत खोबऱ्याऐवजी डिंकाच्या लाडवाचा चुरा दिसला. तो कुठून आला, हे दोन्ही घरांनी एकमेकांना विचारलं नाही.

सव्वा महिना झाला. पिलं जाळीशी नाचू लागली. जाळी काढायला समिती पुन्हा स्लॅबवर जमली. ताटभर लाडू होते.

युवराजने कोपरा उघडला. खार बाहेर आली. शेपूट उडवून तिने सगळ्यांना एकवार पाहिलं, मग पिलांना मागे घेऊन कठड्यावर चढली आणि तिथून सरळ, सराईतपणे, चिंचेच्या फांदीवरून झाडात गेली. आपल्या घरी जावं तशी.

मुंजाजींनी घसा साफ केला.

"केशरबाई, तुमाला पुरावा पायजे होता."

केशरबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. "ऊन लई हाय. मला काय दिसलं न्हाई."

युवराज पान्हा शोधू लागला. विठ्ठलराव आपल्याच झाडाकडे पाठ करून उभे राहिले. फक्त परमेश्वराचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"ताई," तो म्हणाला, "म्हंजी ती चिंचेवरूनच आलती की..."

वनमालाने ताटातला सगळ्यांत मोठा लाडू उचलला आणि त्याच्या तोंडात घातला.