वरच्या तुकड्याचा फुलोरा

पिंपं भरायचं काम तसं कंटाळवाणंच. लाकूड स्वतःच थोडी थोडी वाईन पितं. पिंपात बोटभर जागा रिकामी झाली की तिथे हवा शिरते, आणि मग चांगल्या मालाचा सिरका व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दर आठवड्याला बूच काढायचं, झारीने काठोकाठ भरायचं, बूच पुन्हा ठोकायचं. तळघरात उतर म्हटलं की नवऱ्याला नेमकी गुडघेदुखी आठवायची, त्यामुळे हे काम सुनेकडेच होतं. छाटणीपासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं तीच बघायची. सासऱ्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं.

आणि त्याच सुनेने गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांची सगळ्यांत जुनी बाग उपटून काढली होती.

टेकडीवरचा तो वरचा तुकडा. तिथल्या मुळांना कीड लागली होती आणि ती हळूहळू खालच्या बागांकडे सरकत होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे सासऱ्यांना काय कळत नव्हतं? पण 'काढा' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी तिनेच काळजावर दगड ठेवून ट्रॅक्टर वर नेला. वेली मुळासकट उपटल्या, तिथेच जाळल्या. सासरे खिडकीतून धूर बघत बसले. पुढे त्यांनी अंथरूण धरलं, आणि त्या दिवसापासून तिला एकदाही 'सूनबाई' म्हणून हाक मारली नाही. ती देईल ते औषध घ्यायचे आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे पडून राहायचे. तिला ते फार लागलं होतं.

फुलोऱ्याचे दिवस आले तसे मात्र बोलू लागले. रोज एवढंच.

"हललं का?"

वेल फुलली की तिची वाईन तळघरात जागी होते, असं जुनी माणसं म्हणतात. बंद पिंपात बारीक खदखद सुरू होते. लाकडाला कान लावला तर ऐकू येते. ऊन वाढलं की तळघर उबतं, त्यात नवल कसलं, असं ती पूर्वी हसून म्हणायची. पण ज्या तुकड्याला फुलोरा, त्याच तुकड्याचं पिंप बोलतं, हे तिने दर वर्षी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. वरच्या तुकड्याची पाळी सगळ्यांत शेवटी यायची, कारण टेकडीवर गारवा जास्त.

त्या तुकड्याचं आता एकच पिंप उरलं होतं, कोपऱ्यातलं.

यंदा खालच्या बागा फुलल्या, त्यांची पिंपं बोलली आणि गप्पही झाली. फुलं झडून मोहरीएवढे मणी धरले. "अजून नाही, बाबा," ती म्हणायची, आणि सासरे भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्या दुपारी तिने मनाशी ठरवलं, आज खोटं बोलायचं. म्हातारा जीव, किती दिवसांचा सोबती. 'हललं' म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं?

झारी घेऊन ती तळघरात उतरली. बाहेर रणरणतं ऊन, त्यामुळे खालच्या अंधारात क्षणभर काहीच दिसेना. आधी आला तो वास. हलका, गोडसर, ओल्या पानांत मध मिसळावा तसा. द्राक्षाच्या फुलाचा वास... आणि बागेत तर आता एकही फूल शिल्लक नव्हतं.

मग आवाज. कोपऱ्यातून.

पिंपाचं बूच वर सरकलं होतं. तिने त्यावर तळहात दाबला. आतून कुणीतरी तो सावकाश, न घाबरता, परत वर लोटला. तिने पिंपाला कान लावला. आत खदखदत होतं. भीती नंतर आली. आधी नुसतं नवल वाटलं, एवढं मोठं की डोळे भरून आले.

झारी तिथेच टाकून ती टेकडी चढली.

वरचा तुकडा तसाच होता, उघडाबोडका. नांगरलेली ढेकळं, मधूनमधून राखेचे डाग. आणि मधमाश्या. शेकडो. कमरेएवढ्या उंचीवर, सरळ रेषेत, पूर्वी जिथे वेली बांधायच्या तारा होत्या अगदी तिथे. एकेक माशी हवेत थांबायची, डोकं खुपसायची, वीतभर पुढे सरकायची. ओळ संपली की वळून पुढच्या ओळीला लागायची.

ती त्या ओळींमधून चालत गेली. फुलांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालतात तसे आपण चालतो आहोत, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. गालाला काहीतरी मऊ घासून गेलं. तिने वळून पाहिलं नाही.

सासऱ्यांच्या उशाशी आली तेव्हा तिला धाप लागली होती. "बाबा... हललं."

हात उचलून त्यांनी तिच्या केसांतून काहीतरी टिपलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिळाएवढी हिरवी टोपी. द्राक्षाचं फूल उमलताना टाकतं ती.

"केसांत पुष्कळ आहेत. ओळींतून आलीस वाटतं."

"बाबा, तिथे काही नाही हो... मीच काढली ना सगळी."

"काढावीच लागणार होती. माझी छाती झाली नाही, तुझी झाली. तुझा राग नव्हता गं मला. माझाच मला होता. सूनबाई, फुलोरा आला म्हणजे तोडणी आलीच. रस आंबवायचं ते कोपऱ्यातलं टाकं धुऊन ठेव."

"पण तोडायला जाणार कोण?"

"जाईन की मी," ते सहज म्हणाले.

'सूनबाई' ऐकून ती ओक्साबोक्शी रडली. पुढच्या शब्दांचा विचार करायला तिला सवडच झाली नाही. टाकं मात्र तिने धुतलं, पुसलं, झाकण लावून ठेवलं.

तोडणी सुरू झाली त्या पहाटे सासरे झोपेतच गेले.

माणसं येऊन गेली, घर शांत झालं, तेव्हा कुठे ती तळघरात उतरली. रिकाम्या टाक्यावर सहज हात टेकला आणि तिने तो झटकन मागे घेतला. टाकं गरम होतं. रस आंबायला लागला की होतं तसं. नवऱ्याला सांगितलं, तर त्याला गुडघे आठवले.

झाकण तिने अजून उचललेलं नाही. पण आंबणाऱ्या रसावर साली तरंगून वर येतात, त्या रोज दांड्याने खाली दाबाव्या लागतात, नाहीतर माल नासतो. सासऱ्यांचा दांडा भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. ती रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघते.

तो ओला असतो. टोकाला एखादी ताजी साल चिकटलेली असते.